पान की मासा

पहिल्या तासाभरात मी सतरा पानं धरली. त्यात दोन ओकची, एक बहुतेक मेपलचं, बाकी सगळी विलोची, लांबट, बुळबुळीत, काळी पडलेली. शिवाय एक फांदी आणि कुणाच्या तरी बागेतून वाहून आलेली प्लास्टिकची कुंडी. मासा एकही नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्या पहाटे इकडची, म्हणजे इंग्लंडमधली, घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे संध्याकाळी पाचच्या आतच दिवस मावळतो. वूस्टरच्या खालच्या अंगाला, सेव्हर्न नदीच्या काठावर, चिखलात खुर्ची रोवून मी बसलो होतो. (लिहितात वॉर्सेस्टर, म्हणतात वूस्टर. पहिलं वर्षभर मी रेल्वेचं तिकीट मागताना स्वतःचं हसं करून घेतलंय.) आदल्या संध्याकाळपासून नदी अडीच फूट चढली होती आणि अजून चढतच होती. पाण्याचा रंग टपरीवरच्या फार उकळलेल्या चहासारखा. गुरुवारी पाणी बारा अंशांवर होतं, आज थर्मामीटर नऊ दाखवत होता. चढतं पाणी, उतरतं तापमान आणि वर ही पानगळ. मासेमारीच्या कुठल्याही हिशेबानं घरी बसायचा दिवस.

पण मला बार्बेल हवा होता, आणि सुट्टी रविवारचीच असते.

बार्बेल म्हणजे मिशाळ मासा. लॅटिनमध्ये ‘बार्बा’ म्हणजे दाढी, त्यावरून नाव. वरच्या ओठाला चार मिशा, दोन पुढे आणि दोन तोंडाच्या कोपऱ्यांत. अंधारात, गढूळ पाण्यात तो या मिशांनी तळ चाचपत, चव घेत हिंडतो. तोंड खालच्या बाजूला, पोट सपाट, छातीचे पर रुंद. धारेत तळाला चिकटून राहता यावं म्हणूनच जणू सगळा देह घडवलेला. जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत. गोगलगायी, शिंपले तिथं चिरडतो. गाभोळी विषारी, खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले. त्यामुळे आणि एकूणच इथल्या रिवाजामुळे बार्बेल कुणी खात नाही. धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा, सोडायचा.

वजनाला फार मान. दहा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोचा मासा मिळाला की तो ‘डबल’. ब्रिटनचा विक्रम २१ पौंडांच्या जरासा वर आहे. त्याच्या वाटेला जायची आपली ऐपत नाही. पण डबल मात्र हवा. त्या रविवारपर्यंतचा माझा सगळ्यात मोठा मासा होता ९ पौंड ६ औंस. सहा पानगळी मी त्या आकड्यावर अडकून होतो.

सेव्हर्नमध्ये हा मासा मूळचा नाही. इंग्लंडमधला बार्बेल पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा, थेम्स, ट्रेंट, यॉर्कशरमधल्या नद्या. हा भाग युरोपच्या भूमीला जोडलेला होता तेव्हा या नद्यांचं पाणी ऱ्हाइनच्या पाण्याशी मिळत असे, तिथून तो आला म्हणतात. पश्चिमेकडची सेव्हर्न त्यात बसत नव्हती. १९५६ साली थेम्सच्या केनेट या उपनदीतून पाचशेच्या वर बार्बेल आणून इथं सोडले आणि ते असे रुजले की पुढं देशभरातून लोक बार्बेलसाठी सेव्हर्नवर यायला लागले. काठावरचा माझा सोबती पंचाहत्तरीचा, निवृत्त गॅस फिटर. त्यांच्या वडिलांना या नदीत बार्बेल ठाऊकच नव्हता. (इंग्रजीत आम्ही दोघं एकमेकांना नावानंच हाक मारतो. मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप ‘ते’ लिहितो. लिहू दे.)

त्यांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, “आज जाऊ नकोस. पानं आहेत.”

पूर आहे म्हणाले नाहीत. पानं आहेत म्हणाले. पुराला इथला मुरलेला गळवाला भीत नाही. उलट पाणी चढून उतरायला लागलं, गढूळ आणि उबदार असलं, की बार्बेल दिवसाढवळ्या खातो. पण पानगळीतला पहिला मोठा लोंढा वेगळा. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या ओढ्यानाल्यांतला, काठांवरचा सगळा पालापाचोळा तो एकदम उचलून आणतो. पानं नुसती वर तरंगत नाहीत, पाण्याच्या पोटातून आणि तळावरूनही वाहतात. पाण्यात दोर दिसला की एक पान त्याला अडकतं, त्याच्यामागे दुसरं. पाच मिनिटांत दोराला पानांची वेणी लागते आणि चार औंसांचं शिसं तळावरून उचकटून घरंगळत सुटतं.

पूर मोजायची सवय मला जन्मजात आहे. माझं गाव सांगली जिल्ह्यात, भिलवडीच्या जवळ, कृष्णाकाठी. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत, “आयर्विनला किती?” असं विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलावर फुटांच्या खुणा आहेत. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ आणि २०१९ मध्ये त्या खुणांनी काय दाखवलं ते आमच्या घराच्या भिंतीवरच्या ओलीत अजून आहे. त्यामुळे इकडे आल्यावर नदीची पातळी दर पंधरा मिनिटांनी फोनवर दिसते म्हटल्यावर मला दुसरं मनोरंजन लागलं नाही. वेल्सच्या डोंगरात पडलेला पाऊस आमच्यापर्यंत यायला दीड-दोन दिवस घेतो. बायको म्हणते, तुम्ही जेवताना बातम्या बघत नाही, वेल्स बघता. वूस्टरच्या कॅथीड्रलखाली नदीकडे उतरणारा जुना दरवाजा आहे. त्याच्या भिंतीवर महापुरांच्या रेघा कोरल्यात, शेजारी साल. १७७० ची आणि १९४७ ची डोक्याच्या वर. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला तिथं एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र उलटी. अगस्ती उगवला की पाणी निवळतं, असं आजी म्हणायची. भाद्रपद सरत आला की कृष्णेचा लाल रंग उतरायचा, आश्विनात तळाचे गोटे दिसायचे. माझ्या डोक्यात शरद म्हणजे निवळ पाणी, कोजागिरी. इथं उन्हाळाभर सेव्हर्न काचेसारखी असते आणि शरद आला की गढूळते. माझं शरीर अजून याला सरावलेलं नाही. ऑक्टोबरात गढूळ पाणी पाहिलं की आत कुठंतरी वाटतं, वर्षाचं काहीतरी चुकलंय.

आणि तेरडा. काठावर सगळीकडे तेरडा. आपल्या गौरीच्या तेरड्याचा हा हिमालयातला भाऊबंद, माणसापेक्षा उंच, गुलाबी फुलांचा. १८३९ मध्ये कुणीतरी हौसेनं बागेसाठी इंग्लंडमध्ये आणला. आता नदीकाठचं सगळं देशी गवत दाबून बसलाय. बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी कित्येक फूट उडतं, पुराबरोबर खाली जातं. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, इथं जुलै ते ऑक्टोबर. पण पहिल्या कडक थंडीत दव गोठलं की एका रात्रीत सगळा आडवा होतो, चिखलाचा लगदा. काठ उघडाबोडका पडतो आणि हिवाळ्याचे पूर तिथली माती धुऊन नेतात. म्हणून इथली मंडळी उन्हाळ्यात जमून तो उपटतात. मीही गेलोय एकदा. गौरी आणताना ज्याला हळदकुंकू वाहिलं त्याला मुळासकट उपटून ढीग घालताना हात जरा घुटमळले, खोटं कशाला बोलू.

त्याच १८३९ साली कर्नल सायक्स नावाच्या साहेबानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं लंडनला प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाला नाव दिलं ‘बार्बस खुद्री’. म्हणजे आपली खडशी, महासीर. आणखी एकाला ‘बार्बस कोलस’, आपला कोळस. नदीकाठी ऐकलेली मराठी नावं त्यानं लॅटिनच्या शेपटाला बांधली. पुढं शास्त्रज्ञांनी खडशीला ‘बार्बस’मधून काढून ‘टॉर’मध्ये घातलं, पण कुळ तेच. महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे तेच. चुरमुरे टाकले की हातभर लांब पाठी वर येतात, मिशांसकट. कॉलेजात असताना ते पाहिले होते. पहिला बार्बेल हातात आला तेव्हा मला अनोळखी काही वाटलं नाही ते त्यामुळे.

तर तेरडा बाहेरचा, या नदीतला बार्बेल बाहेरचा, आमिष कुरतडून खाणारा, नांग्यांचा झिंग्यासारखा क्रेफिश अमेरिकेतला. माझा उल्लेख मी मुद्दाम टाळतोय.

आमिषाचं सांगायला हवं, कारण त्यावरून घरात दोन महिने अबोला होता. बार्बेलला डबाबंद मांसाचे चौकोनी तुकडे फार आवडतात. गढूळ पाण्यात दिसत काही नाही, तेव्हा वास जितका उग्र तितकं बरं. इथले जुने लोक त्याला करी पावडर चोळतात. ती करी पावडर कसली ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी कांदा-लसूण चटणी वापरतो. गावाहून आलेली, आईनं कुटून घेतलेली. तुकडे तव्यावर हलके परतायचे, वर चटणी भुरभुरायची, झाकून ठेवायचे. आमचं घर माळकरी. गावी मासासुद्धा शिजत नाही, आणि इथं मी डुकराच्या मांसाला आईची चटणी लावतो. बायकोनं एका शब्दानं काही न विचारता गॅरेजमध्ये वेगळा तवा, वेगळा चमचा आणि कँपिंगची शेगडी नेऊन ठेवली. दोन महिन्यांनी म्हणाली, “चटणी तरी दुकानातली वापरा.” आईला अजून सांगितलेलं नाही.

आईला मुळात हा प्रकारच समजत नाही. व्हिडिओवर मला चिखलानं माखलेला पाहून म्हणाली, “धरायचा कशाला आणि सोडायचा कशाला? एवढ्या थंडीत तुझं काय अडलंय तिथं?” मग जरा थांबून, “सोडून देतोस ते बरं करतोस.”

पण लहानपणी तरी मी मासा कुठं घरी नेत होतो? सगळा आबांच्या घरी जायचा. गावात भोयांची सात-आठ घरं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्याकडे रॉड नाही, रील नाही. लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ, शिसं नसलं तर जुना नट. गांडूळ किंवा कणकेची गोळी. गळ टाकला की तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवरून घ्यायचा आणि गप बसायचं. “डोळं झाक,” म्हणायचे. “बघून काय हुतंय? मासा काय वर येऊन सांगणाराय?”

मी डोळे मिटायचो. मग हळूहळू बोटाला कळायला लागायचं. चिलापी टोचते, टक-टक, घाईघाईनं. शिंगटं एकदम हिसडा देतं. वाम मात्र फसवी, ती नुसतीच जड होत जाते आणि आपल्याला वाटतं गवत अडकलं. “लेका, गवाताला जीव असतो का?” आबा विचारायचे. मला वाटायचं चेष्टा करतायत. नव्हती चेष्टा. ओढ जिवंत आहे का मेलेली, एवढंच ते विचारत होते.

इथं आल्यावर मी बोट विसरलो. इथला रॉड बारा फुटी, टोकाला पातळ संवेदनशील कांडी. अंधारात त्यावर इवलासा दिवा मिणमिणतो. रॉड टेकूवर ठेवायचा आणि त्या ठिपक्याकडे बघत बसायचं. बऱ्याच जणांकडे मासा लागला की किंचाळणारी यंत्रं असतात. उन्हाळ्यात हे सगळं उत्तम चालतं, कारण उन्हाळ्यातला बार्बेल आमिष उचलतो तो रॉडसकट पळायच्या बेतानंच. टोक तीन फूट वाकतं. ते आंधळ्यालाही दिसेल.

पण पानांच्या दिवशी टोक सतत वाकलेलंच असतं. पान लागलं, वाकलं. फांदी लागली, वाकलं. लोंढ्याचा जोर वाढला, वाकलं. सतराव्या पानानंतर मी रॉड टेकूवरून उचलला, मांडीवर घेतला आणि रीलच्या पुढचा दोर तर्जनीवर घेतला. ठरवून नव्हे. कंटाळून.

जागाही बदलली. मघापासून हौसेनं नदीच्या मध्यात टाकत होतो. पुरात मासा मध्यात थांबत नाही, तो काठाशी येतो. हे मला पाठ आहे, तरी दर वेळी हात लांबच फेकतो. पंधरा पावलं खाली एक विलो नदीत आडवा झालाय. विलो म्हणजे आपला वाळुंजच, तसाच पाण्यात पाय सोडून बसणारा. त्याच्या आडोशाला पाणी संथ, आणि धावतं पाणी त्या संथ पाण्याला घासून जातं तिथं पृष्ठभागावर एक सुरकुती दिसते. तिच्या आतल्या बाजूला, काठापासून दोन हातांवर, आमिष अलगद सोडलं. रॉडचं टोक जवळजवळ त्याच्या वरच. पाण्यात दोर कमी, म्हणजे पानंही कमी.

उतरताना अंगातलं लाइफ जॅकेट एकदा चाचपलं. मागच्या वर्षी याच काठावर पाय सरकून कंबरेपर्यंत आत गेलो होतो. हाताला तेरड्याचा झुपका लागला, तो मुळासकट उपटून आला. त्याच्या शेजारी उघडं पडलेलं एक मूळ सापडलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी जॅकेट आलं. पैसे कुणी दिले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग अंधार पडला. डोक्यावरची बत्ती विझवली. पाऊस नव्हता, पण विलोवरून टपटप चालू होतं. पलीकडच्या काठाला उद पाण्यात उतरल्यासारखा आवाज आला. उद असेल किंवा ढेकूळ. मी डोळे मिटले.

बोटावर काय काय येत होतं ते सांगतो. आधी नदी स्वतः, एक अखंड बारीक थरथर, चालू बसच्या खिडकीला डोकं टेकवल्यासारखी. मग पान. पानाची ओढ हळू येते आणि एकसारखी वाढत जाते, कुणीतरी पदर धरून मंदपणे ओढावं तशी, आणि वाढली की तिथंच राहते. फांदी धाडकन येते आणि मग मेलेली. तळावरून घरंगळणारा खडा शिश्याला टिचकी मारून जातो. पाऊण तासात मी अकरा पानं ओळखून काढली, एकदाही फसलो नाही, आणि खरं सांगायचं तर मासा विसरलो. नुसतं ओळखण्यातच मजा यायला लागली होती.

बारावं आलं तेही पानच होतं. हळू, एकसारखी ओढ. गुंडाळायला हात रीलकडे गेला. आणि ती ओढ सैल झाली.

पान सैल होत नाही.

श्वास धरला. काही नाही. मग दोरावरून काहीतरी खरवडत गेलं, सँडपेपरवरून नख फिरवल्यासारखं, अर्धा सेकंद. तो त्याचा पर असेल किंवा बरगडीवरचे खवले, अंगाला दोर घासत गेला होता. मग दोन ठोके. छोटे, मऊ, पण आतून आलेले. रॉडचं टोक हललंसुद्धा नसेल. मी रॉड उचलला.

बार्बेल उडी मारत नाही, वर येत नाही, तमाशा करत नाही. तो तळ धरतो. आधी वाटतं, ओंडका अडकला. मग ओंडका संथपणे नदीच्या वरच्या दिशेनं चालायला लागतो, पुराच्या विरुद्ध. बारा पौंडी दोरानं त्याला विलोच्या फांद्यांपासून राखायचं होतं, म्हणून तीन पावलं मागे सरलो, रॉड आडवा केला आणि रीलवर अंगठा दाबून धरला. दोर वाऱ्यात तारेसारखा वाजत होता. दहा मिनिटं गेली असतील, किंवा चार. एकदा तो पार काठाखाली, माझ्या बुटांच्या खाली येऊन थांबला आणि मला त्याच्या शेपटीचा प्रत्येक फटका कोपरापर्यंत लागत होता. मग वर आला, बत्तीच्या उजेडात एक लांब पितळी कूस, नारिंगी पर. जाळं खाली घातलं. गळ जाळ्यातच आपसूक निसटला. इथं बिनकाट्याचे गळ वापरतात.

आता खरं काम. बार्बेल जीव पणाला लावून लढतो. लगेच सोडला तर उलटा होऊन बुडतो. म्हणून संथ पाण्यात गुडघे टेकून, जाळ्यातच त्याला सरळ धरून, तोंड प्रवाहाकडे करून बसलो. गार पाणी बाह्यांतून आत शिरत होतं. कल्ले आधी धापा टाकल्यासारखे, मग हळूहळू एका लयीत. मधेच ओल्या गादीवर काढून, ओल्या झोळीत घालून स्प्रिंगकाट्याला लावला. १० पौंड २ औंस. दोनदा पाहिलं. फोटो एकच काढला, तोही धड नाही, माझा अंगठा आलाय. पुन्हा पाण्यात. आणखी पाच-सहा मिनिटं. मग हातात एकदम ताकद भरल्यासारखी झाली, शेपटीनं मनगटाला एक ढुशी बसली आणि चहाच्या रंगात चहाच्या रंगाचा मासा दिसेनासा झाला.

काठावर बसूनच ओल्या बोटांनी सोबत्यांना निरोप टाकला, “दहा-दोन.”

घरी आलो. आंघोळीआधी सामान धुवायला बाथटबमध्ये टाकलं. झोळी पिळण्यासाठी उचलली तर चांगलीच जड. हातातच थांबलो. मग काटा आणला आणि ओली झोळी लावली. पाच औंस.

काटा शून्यावर आणायचा राहिला होता. म्हणजे मासा ९ पौंड १३ औंस. तीन औंसांनी डबल हुकला.

तो निरोप परत घेता आला असता. पंचाहत्तरीच्या माणसाला कळलंही नसतं. चहा केला, प्यालो, आणि मग लिहिलं, “झोळी वजा करायची राहिली. नऊ-तेरा.”

बराच वेळ काही आलं नाही. झोपले असतील असं वाटलं. मग फोन वाजला. “ठाऊक होतं. तू झोळी कधीच वजा करत नाहीस. मी सहा वर्षं बघतोय.”

मी वहीच्या जुन्या पानांकडे बघत बसलो. त्यातले सगळे आकडे आता पाच-पाच औंसांनी खाली यायला हवेत. तो ९-६ देखील. तेवढ्यात दुसरा निरोप आला.

“पानं असताना कळलं कसं?”

उत्तर इंग्रजीत लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. तर्जनीवर दोराचा बारीक लाल चर उमटला होता, त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला.